बसतेय ना, दाजी?

दाजी खरं तर एकाचेच दाजी. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, ते रीतीला धरूनच होतं. पण सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर डोंगरात सायकली दामटणारं अख्खं टोळकं त्यांना दाजी म्हणू लागलं. मग सायकलच्या दुकानदाराने ते उचललं, आणि पुढे कुणीतरी कामाच्या जागी येऊन तशी हाक मारल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही म्हणू लागल्या. सगळ्या जगाचा दाजी झालेल्या माणसाचा मान वाढतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने कधी स्वतः दाजी होऊन पाहावं. त्या हाकेत मान जेवढा असतो त्याहून टिंगल जास्त असते, आणि दाजींना ते कळत होतं.

त्यांचं काम दात बनवायचं. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माणसाच्या तोंडाचं माप घ्यायच्या आणि मागच्या खोलीत दाजी त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचे. मग त्यावर मेण लावून त्यात एकेक दात उभा करायचा, मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून तो उकळत्या पाण्यात शिजवायचा, आणि थंड झाल्यावर घासूनपुसून कवळी लख्ख करायची. खोलीत सदा प्लास्टरची पांढरी धूळ. भिंतीवरच्या फळ्यांवर निम्म्या गावाची तोंडं साच्याच्या रूपात ओळीने आ वासून बसलेली. दाजी तिथे एकटे असत आणि तिथे त्यांना कुणी हसत नसे.

कवळी तयार झाली की डॉक्टरीणबाई पेशंटला मागे पाठवायच्या, कारण ती बसवावी दाजींनीच. त्यात त्यांचा एक नियम होता. ‘बसली का?’ असं ते कधीही विचारत नसत. विचारलं की माणूस हो म्हणतो. समोरच्याने एवढे कष्ट घेतले, त्याला नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी हो म्हणतो, घरी जातो, कवळी पेल्यात टाकतो आणि उरलेलं आयुष्य पातळ खाऊन काढतो. म्हणून दाजी विचारायचेच नाहीत. म्हणायचे, ‘सहासष्ट म्हणा. सदुसष्ट म्हणा.’ स स्वच्छ निघाला तर कवळी बसली. स घसरून श झाला, किंवा त्यातून बारीक शीळ वाजली, तर कवळी परत घासायला. माणूस खोटं बोलेल, पण त्याच्या तोंडातला स खोटं बोलत नाही, असं ते डॉक्टरीणबाईंना सांगायचे. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांची भीड अशी ओळखली, आणि स्वतः मात्र त्यांच्याइतका भिडस्त माणूस शोधून सापडला नसता.

केस कापणाऱ्याने डोक्याचं वाटोळं केलं तरी आरशात बघून ‘छान’ म्हणणार. पायाला चावणारे बूट दुकानदाराने प्रेमाने घातले म्हणून तेच घालून, लंगडत घरी येणार. बायको म्हणायची, ‘अहो, तुम्हाला नाही म्हणायला कुणी बंदी केलीय का?’ पण तीही हे तेव्हाच म्हणायची, जेव्हा नाही ऐकण्याची पाळी तिच्यावर नसायची.

आता मेव्हण्याविषयी. त्याला सगळे कॅप्टन म्हणत, आणि तो त्या नावाला शोभेल असाच होता. उंच, रुंद खांद्यांचा, मांड्यांत ताकद, आणि हसणं असं की समोरचा आपोआप हसायला लागावा. तो नव्या इमारतींतले फ्लॅट विकायचा. भिंती उभ्या राहायच्या आत लोक त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवून सही करत, असं त्याचा मालकच म्हणे. म्हणजे त्याचं पोट त्या हसण्यावर होतं, आणि ते हसणं दाजींनी बनवलेलं होतं.

हे मात्र दवाखान्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं. फार पूर्वी तो सायकलवरून पडला तेव्हा वरचे पुढचे चार दात गेले. दाजींनी चार दातांची काढता-घालता येणारी कवळी बनवली, मनासारखी होईना म्हणून दोनदा मोडली आणि पुन्हा बनवली. त्याचा मूळचा एक दात किंचित तिरका होता, तो त्यांनी तसाच तिरका बसवला. एकाला चहाचा पुसट पिवळेपणा दिला. आईलासुद्धा ओळखू आले नसते असे दात. कॅप्टनने ते तोंडात घातले, आरशात बघितलं, सहासष्ट म्हटलं, आणि ‘कुणाला बोलू नका हां दाजी’ एवढं म्हणून निघून गेला. आभार वगैरे घरातल्या माणसाचे कुठे मानतात? दाजी कुणाला बोलले नाहीत. फक्त तो मोठ्याने हसला की त्यांचं लक्ष त्या तिरक्या दाताकडे जायचं आणि त्यांना बरं वाटायचं.

टोळक्यात दाजी सगळ्यांत मागे. त्यांची सायकल जुनी, पुढे दणके खाणारा फोर्क आणि मागे कडक. दगडांच्या वाटेवर मागचं चाक प्रत्येक दगडाचा निरोप थेट कंबरेला पोचवायचं. चढ संपला की पुढचे सगळे माथ्यावर थांबायचे, सायकली आडव्या टाकून पाणी प्यायचे, फोटो काढायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे. मग खालून धापा टाकत दाजी यायचे. त्यांचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच कॅप्टन उठायचा आणि म्हणायचा, ‘आले दाजी. चला.’ आणि सगळे निघायचे. म्हणजे ज्यांना विसावा नको ते विसावा घेऊन ताजेतवाने, आणि ज्याचा जीव कंठाशी आलाय त्याला घोटभर पाण्याचीही सवड नाही. हे दर चढाला, दर आठवड्याला. पुढे पुढे ‘आले दाजी, चला’ हा त्यांच्यातला विनोदच झाला. कुणाच्या घरून जेवून निघायचं असलं तरी कुणीतरी ते म्हणायचं, आणि सगळे दात काढायचे. दाजीही हसायचे.

वर्षातून एकदा ही मंडळी दिवसभराची फेरी करत. उजाडताना निघायचं, डोंगराची अख्खी धार धरून जंगलातून, खडकांतून, ओढ्यांतून दिवसभर चालवत राहायचं आणि उन्हं उतरताना पलीकडच्या तळ्यावर पोचायचं. तिथे सगळ्यांचा एक फोटो निघायचा, चिखलाने माखलेला. तो मोठा करून सायकलच्या दुकानात गल्ल्याच्या वर लागायचा. अशा फोटोंची तिथे रांग होती आणि एकाही फोटोत दाजी नव्हते. दोनदा ते निघाले आणि दोन्ही वेळा निम्म्या वाटेवरच्या टेहळणीच्या मनोऱ्यापाशी त्यांना खाली पाठवलं गेलं. त्या एका फोटोत आपलं तोंड असावं, एवढंच दाजींना हवं होतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला असलं काही हवंसं वाटावं याची त्यांना लाज वाटायची, पण हवं होतं हे खरं.

त्या वर्षी कॅप्टनने नियम काढला. मागे सस्पेन्शन नसलेली सायकल धारेवर न्यायची नाही, मागून येणारा सगळ्यांचा दिवस खातो. कुणाचं नाव घेतलं नाही, सगळ्यांनी दाजींकडे बघितलं.

मग दाजी फ्रेम शोधायला लागले. चाकं, फोर्क, हँडल, ब्रेक त्यांच्याकडे बरे होते, फक्त दोन्हीकडून दबणारी फ्रेम हवी होती. दवाखान्यातून आल्यावर ते रोज वाचत बसत. मागचं चाक किती वर उचललं गेलं पाहिजे, म्हणजे ट्रॅव्हल किती. जास्त असेल तर उतारावर गादी, पण चढावर प्रत्येक पेडलला सायकल डुलणार आणि दिवसभरात तेवढीच ताकद वाया जाणार. कमी असेल तर चढाला हलकी, उताराला कंबर गेली. फ्रेमच्या सांध्यांतली बेअरिंग सहज मिळणारी हवीत, नाहीतर एका सांध्यासाठी सायकल महिनाभर उलटी टांगलेली. पाण्याची बाटली आत बसली पाहिजे, दिवसभर पाठीवर ओझं नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माप. लांबी, उंची, सीटचा कोन, हँडलपर्यंतचं अंतर. माप हे दाजींना कुणी शिकवायची गरज नव्हती. केसभर चुकलं तर तोंड सोलवटतं, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. त्यांनी स्वतःचे पाय, हात, धड मोजलं आणि अखेर ठरवलं: हिरव्या रंगाची अॅल्युमिनियमची फ्रेम, ट्रॅव्हल मध्यम, माप मध्यम. दिसायला साधी, पण दिवसभर न कुरकुरता चालणारी. ती त्याच दुकानात टांगलेली होती आणि दाजी दवाखान्यातून येताना मुद्दाम त्या रस्त्याने यायचे.

बायको म्हणाली, ‘त्याला घेऊन जा. त्याला कळतं त्यातलं.’

दाजी मनात म्हणाले, मलाही कळतं. तोंडाने म्हणाले, ‘बरं.’

दुकानात कॅप्टन एकटा आला नाही, टोळक्यातले आणखी दोघं बरोबर होते. त्याने हिरव्या फ्रेमकडे बघून नाक मुरडलं. ही शाळेत जायला ठीक आहे, म्हणाला. मग दुकानदाराला सांगून त्याने आतून एक काळी कुळकुळीत कार्बनची फ्रेम काढायला लावली. लांबलचक, भरपूर ट्रॅव्हलची, माप मोठं. तिच्यावरून त्याने हात फिरवला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की दाजींना वाटलं, हा आपल्यासाठी किती मनापासून बघतोय. त्याच्या स्वतःच्या फ्रेमवर मागच्या सांध्याजवळ काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ओरखडा पडलाय, रंग जाऊ नये म्हणून लावलीय, असं तो सांगायचा.

दुकानदाराने तात्पुरती चाकं लावून सायकल उभी केली. दाजी चढले. उभं राहिल्यावर मधला दांडा जांघेला लागला. सीटवर बसून हँडल धरायला गेले तर हात सरळ ताठ आणि पाठ ओढलेली. हे माप आपलं नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. आपल्याच खोलीत कुणी अशा अवघडलेल्या चेहऱ्याने बसलं असतं, तर त्यांनी एका नजरेत ओळखून कवळी काढून घेतली असती.

पण इथे ते स्वतः पेशंटच्या खुर्चीत होते. कॅप्टन हँडल धरून समोर उभा, दोघं बाजूला हाताची घडी घालून, आणि दुकानदार हातात पाना घेऊन वाट बघत होता. त्याने एवढी फ्रेम बाहेर काढली, चाकं लावली. भिंतीवरून ते सगळे चिखलाने माखलेले फोटो बघत होते.

‘बसतेय ना, दाजी?’ कॅप्टनने विचारलं.

दाजी म्हणाले, ‘जरा लांब वाटतेय.’ आयुष्यात तेवढंच धाडस.

‘थोडे दिवस अवघडल्यासारखं होईल. सवय होते. आता सगळे लांबच घेतात. बसतेय ना?’

‘बसतेय,’ दाजी म्हणाले.

झालं. दाजींनी पैसे मोजले आणि फ्रेम त्यांच्या गळ्यात पडली. सायकल जोडून झाल्यावर मागच्या शॉकमध्ये, म्हणजे दणके झेलणाऱ्या नळीत, हवा भरायची होती. ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जरासा दबतो आणि दणक्याला उरलेली जागा राहते. कॅप्टनने पंप स्वतःच्या हातात घेतला. ‘तुम्ही राहू द्या दाजी, मी करतो.’ मेव्हण्याने आपल्यासाठी गुडघे टेकून बसावं याचं दाजींना एवढं अप्रूप वाटलं की ते बाजूला उभं राहून नुसते बघत राहिले.

दिवसभराच्या फेरीचा दिवस आला. पहिल्या चढालाच त्यांची पाठ बोलायला लागली. हात ताणून ताणून मनगटं बधिर झाली, बोटांना ब्रेक कुठे आहे ते समजेना. आणि नवल म्हणजे एवढी गादीदार म्हणून घेतलेली सायकल दगडांवर जुनीसारखीच आपटत होती, मागून प्रत्येक दगड थेट कंबरेत. दाजींना वाटलं आपल्यालाच चालवता येत नाही. वाकून घ्यायला हवं, अंग सैल सोडायला हवं. ते अंग सैल सोडायचा प्रयत्न करत राहिले आणि आपटत राहिले. दर माथ्यावर पाय टेकायचा अवकाश की, ‘आले दाजी, चला.’

मनोऱ्यापाशी ते पोचले तेव्हा सगळे डबे उघडून बसले होते. या वेळी कुणी उठलं नाही, ते त्यांना आधी बरं वाटलं. मग कॅप्टन जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘दाजी, तुम्ही इथून डांबरी रस्त्याने उतरा. एवढी भारी सायकल घेऊन दिली, तरी तेच. आता सायकलचा दोष नाही म्हणता येणार ना?’

सगळे हसले. तो तिरका दात उन्हात छान दिसला. दाजीही हसले आणि सायकल वळवली. रस्ता सगळा उताराचा होता, पेडल मारायची गरज नव्हती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्याने येतंय असं त्यांना स्वतःला सांगावं लागलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

घरी आल्यावर त्यांनी सायकल धुतली आणि जिन्याखालच्या भिंतीत ठोकलेल्या हुकाला टांगली. टांगताना त्यांची नजर शॉकवर गेली. शॉकच्या दांड्यावर एक बारीक रबरी कडं असतं. शॉक जेवढा दबतो तेवढं ते कडं सरकतं आणि सगळ्यांत मोठ्या दणक्याच्या जागी राहतं. दिवसभर खडकांतून आपटल्यावर ते पार टोकाला जायला हवं होतं. ते जागचं जेमतेम हललं होतं. म्हणजे शॉक दबलाच नव्हता. ते सबंध दिवस दगडासारख्या टणक सायकलवर बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. भांडायला नव्हे, ते त्यांच्याने झालं नसतं. हवा जास्त भरली गेली असेल का, एवढंच विचारायला. दुकानदाराने पंप लावून आकडा बघितला आणि सहज म्हणाला, बरोबर आहे, कॅप्टनच्या वजनाला एवढीच लागते. मग दाजींच्या तोंडाकडे बघून त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो पाना उगाच पुसू लागला. शेवटी खाली बघत म्हणाला, ‘मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, घरातलीच गाडी आहे, दाजी दोन महिन्यांत टांगून ठेवतील. शेवटी मीच चालवणार. त्यांच्या फ्रेमला सांध्यापाशी तडा गेलाय ना.’

दाजी ‘बरं’ म्हणाले आणि घरी आले. बायकोला काही बोलले नाहीत. कुणाला काय बोलायचं? हो तर आपणच म्हणालो.

पण त्या दिवसापासून त्यांच्या आत काहीतरी बिघडलं. चाकं, हँडल वगैरे पुन्हा जुन्या फ्रेमला लावून ते आता जुनी सायकल घेऊन एकटेच डोंगरावर जायचे, माथ्यावर पोचून हवा तेवढा वेळ बसायचे आणि बसल्या बसल्या मेव्हण्याला मनात काय काय करायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. शांत माणसाचा राग फार घाणेरडा असतो. तो बाहेर पडत नाही, आतच नासत राहतो.

मग एके संध्याकाळी ते दवाखान्यातून आले तर जिन्याखालचा काळ्या फ्रेमचा हुक रिकामा. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘तो घेऊन गेला,’ ती म्हणाली. ‘पडूनच होती ना? तुम्हाला बसत नाही, मला माहीत होतं. विकत घेताना तो म्हणालाच होता मला, दाजींचं काही खरं नाही, शेवटी माझ्याकडेच येईल.’

‘घेताना म्हणाला होता?’

‘हो. आपल्या घरातच राहतेय, परक्याकडे तर गेली नाही. आता तोंड पाडून बसू नका.’

ती वाईट बाई नव्हती. तिच्या हिशेबात दोन्ही माणसं तिचीच होती, त्यातला एक जास्त तिचा होता एवढंच. दाजी हातपाय धुवून जेवायला बसले आणि नेहमीइतकंच जेवले.

कॅप्टनला ती फ्रेम मात्र झकास बसली. उंचीला, हाताला, वजनाला. हवा तर आधीच भरलेली होती. तो तिच्यावरून खडकांच्या पायऱ्या उडवत सुटला, टोळक्यात तिचंच कौतुक. ‘दाजींची कृपा,’ असं तो म्हणायचा आणि सगळे खिदळायचे. हे दाजींच्या कानावर यायचंच, गावात कानावर घालणाऱ्यांची कमी नसते.

आणि मग तो तोंडघशी पडला. अगदी शब्दशः. एका उंच खडकावरून उडी घेताना पुढचं चाक भेगेत अडकलं आणि तो हँडलवरून जाऊन तोंडावर आपटला. हाडं शाबूत राहिली, ओठ फाटला, आणि कवळीचे तुकडे झाले. मित्रांना तो रक्ताने माखलेला रुमाल तोंडावर धरून ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहिला, कारण तोंड उघडलं असतं तर कळलं असतं. तिथून तो थेट दाजींच्या खोलीत आला, मागच्या दाराने. त्याची ताई, म्हणजे दाजींची बायको, बरोबर होती; तिला आता सांगावंच लागलं होतं.

दोनच दिवसांनी त्याच्याकडे नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. मोठी गिऱ्हाइकं येणार, मालक येणार, सगळ्यांपुढे बोलायचं त्यानेच. तोपर्यंत दात हवेतच. बिनदातांच्या तोंडाने तो हे सांगत होता तेव्हा प्रत्येक शब्दातून वारा जात होता, आणि तो एकदम म्हातारा, एकदम कुणीही दिसत होता. दाजींनी त्याला एवढं असहाय कधी पाहिलं नव्हतं. त्यांना त्याची कीव यायला हवी होती. ती आली नाही.

‘होईल,’ ते म्हणाले. ‘तुझा साचा आहे माझ्याकडे.’

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई जेवायला गेल्यावर त्यांनी फळीवरून तो साचा काढला. फुंकर मारून धूळ उडवली. त्यात मेव्हण्याची टाळू, हिरड्या, गेलेल्या दातांची जागा, सगळं जसंच्या तसं होतं. साचा बरोबर होता. नुसती त्यावर कवळी केली असती तर ती पहिल्यासारखी बसली असती. दाजींनी कोरणी उचलली आणि पुढच्या दातांच्या मागे, जिथे स म्हणताना जीभ टाळूच्या अगदी जवळ येते, तिथे प्लास्टरमध्ये एक बारीक खाच कोरली. साच्यात खाच म्हणजे कवळीवर तिथे उंचवटा. केसाएवढा. बघणाऱ्याला दिसणार नाही, घालणाऱ्याला विसरता येणार नाही.

फार दिवसांनी त्यांना काम करताना मजा आली. तिरका दात त्यांनी तसाच तिरका बसवला, चहाचा पिवळेपणा तसाच दिला. काम देखणं झालं पाहिजे, त्यात त्यांनी कसर ठेवली नाही.

उद्घाटनाच्या सकाळी कॅप्टन सूट घालून आला. खाली गाडी चालू ठेवली होती. ताईही आली होती, भाऊ आज कसा दिसतो ते बघायला. दाजींनी कवळी त्याच्या हातात दिली आणि आरसा समोर धरला. त्याने ती घातली, दाबली, आणि त्याच्या डोळ्याखालची शीर एकदा उडाली. दाजी तीच बघत होते. त्याने जीभ फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली.

‘जरा टोचतेय,’ तो म्हणाला.

‘थोडे दिवस अवघडल्यासारखं होईल,’ दाजी म्हणाले. ‘सवय होते.’

कॅप्टनने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. त्याला आठवलं की नाही, सांगता येत नाही. असल्या माणसांना स्वतःची वाक्यं आठवत नाहीत. पण त्याने मान वळवून बहिणीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं, आणि ती म्हणाली, बघ, माझ्या नवऱ्याने तुझ्यासाठी काल जेवणसुद्धा केलं नाही. मग त्याने दाजींच्या प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या हातांकडे बघितलं. आणि पंचवीस वर्षं दाजी ज्या गोष्टीला ओळखत आले होते, ती त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटली. यांना आता नाही कसं म्हणायचं.

सहासष्ट म्हणायला दाजींनी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो प्रश्न विचारला.

‘बसली का?’

‘बशली,’ कॅप्टन म्हणाला.